नवा ४३ इंची टीव्ही, एचडी बॉक्स, तरी चित्र जुन्या टीव्हीपेक्षा धूसर का? आणि पाऊस आला की सगळं जातं ते का?

साखळीकर

नमस्कार मंडळी. गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचं घर भरतं, सगळे भाऊ-बहिणी मुलंबाळं घेऊन येतात, म्हणून यंदा गावच्या घरात नवा ४३ इंची एलईडी टीव्ही घेतला. आधीचा २१ इंची पिक्चर ट्यूबवाला सोळा वर्षं चालला. डीटीएचचा बॉक्स पण बदलून एचडी घेतला, त्याचे महिन्याला जास्तीचे पैसे जातात ते वेगळेच. बसवायला जो मुलगा आला त्याने वायर लावली, चित्र आलं बघा म्हणाला आणि दहा मिनिटांत गेला पण. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याने काही होणार नाही.

आता तीन आठवडे झाले, चित्र काही बरं वाटत नाही. बातम्या देणाऱ्या बाईच्या केसांच्या कडेला बारीक चिलटं फिरतायत असं काहीतरी हलत राहतं, खालच्या पट्टीतली अक्षरं कडेला फुटतात आणि माणसं सगळी आडवी सुजल्यासारखी. परवा बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, "जुन्यावर माणसं बरी दिसायची रे." एवढे पैसे घालून हे ऐकायला लागलं, मनाला लागलंच.

दुसरं म्हणजे पाऊस. जोराची सर आली की चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग काळा पडदा. लहानपणी अँटेना होता तेव्हा पावसात मुंग्या यायच्या पण मॅच तरी कळायची. डिजिटल चांगलं म्हणतात मग हे उलटं कसं? नुसता उपाय सांगू नका, जमलं तर समजावून पण सांगा, कारण दर वेळी दुसऱ्याच्या भरवशावर राहायचा कंटाळा आलाय.

---

फोंडेकर_ताई

दादा आधी एक करा, टीव्हीच्या मागे हात घालून बॉक्समधून कुठली वायर आलीय ती बघा. लाल-पांढरी-पिवळी अशा तीन पिना असतील तर तुमचा एचडी बॉक्स आणि एचडी टीव्ही दोन्ही फुकट आहेत. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही, जुनं साधं चित्रच जातं. चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर लागते, बऱ्याचदा बॉक्सच्या खोक्यातच असते आणि बसवणारे ती काढतच नाहीत. आमच्याकडे सासूबाईंच्या खोलीत दीड वर्ष असंच चाललं होतं, एचडीचे पैसे दर महिन्याला भरत होतो आणि बघत होतो साधंच. भाचा आला त्याने पाच मिनिटांत बदललं, त्या दिवशी सासूबाईंना मालिकेतल्या बायकांच्या साड्यांचं विणकाम पहिल्यांदा दिसलं.

आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८० आय निवडा. ५७६ वर ठेवलेलं असलं तर वायर बदलून पण उपयोग नाही. आणखी एक, एचडी चॅनलचा नंबर वेगळा असतो. घरातल्यांना जुना नंबर पाठ असतो, तोच दाबतात आणि साधा चॅनल बघत बसतात.

---

निवृत्त_प्रक्षेपणवाला

ताईंनी नेमकं सांगितलंय, पहिल्यांदा ते बघाच. पण तुम्ही समजावून मागितलंय म्हणून सविस्तर लिहितो, आयुष्यभर हेच काम केलं, कुणी विचारलं की बरं वाटतं.

आपला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ रेषांचा, त्यातल्या डोळ्याला दिसणाऱ्या ५७६. तेच चित्र डिजिटल केलं की ७२० गुणिले ५७६ ठिपके होतात, म्हणजे ४,१४,७२०. एचडीचं चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. भागून बघा, बरोब्बर पाच पट. आता साधं चित्र तुमच्या नव्या टीव्हीवर लावलं की एका ठिपक्याच्या जागी पाच भरायचेत, चार कुठून आणणार? टीव्ही ते शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. म्हणून धूसर. २१ इंची ट्यूबवर तेच चित्र लहान होतं आणि ट्यूबचा स्वभावच असा की ठिपके एकमेकांत मिसळून मऊ दिसतात, दोष झाकले जायचे. तेव्हा बाबांचं म्हणणं खरं आहे, त्यांचे डोळे बरोबर सांगतायत.

सुजलेल्या माणसांचं कारण पण तसंच साधं. जुनं चित्र ४ बाय ३ च्या मापाचं, नवा पडदा १६ बाय ९. रिमोटवर कुणीतरी पूर्ण पडदा भरायला लावलंय, त्यामुळे चित्र आडवं ताणलं जातं, माणूस एक तृतीयांश जाड होतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या, चित्र खरं दिसतं.

आता मुख्य गोष्ट. डिजिटलमध्ये हवेतून चित्र येतच नाही. हे नीट कळलं की पुढचं सगळं उलगडतं. अँटेनाच्या काळात चित्राचा उजेड-अंधार जसा असेल तशीच लहर वरखाली होत यायची, म्हणजे चित्रच यायचं, थोडं मळलेलं असलं तरी. डिजिटलमध्ये येते ती चित्र कसं काढायचं त्याची कृती, एक आणि शून्यांत लिहिलेली, आणि तुमचा बॉक्स ती वाचून घरी चित्र नव्याने काढतो. दर सेकंदाला २५ चित्रं.

कृती का पाठवावी लागते? हिशोब करा. वीस लाखांवर ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट (बिट म्हणजे एक किंवा शून्य असा एक आकडा), सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १२४ कोटी बिट. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या यंत्रातून, साधारण चार-पाच कोटी बिट जातात आणि त्यात आपल्याला अनेक चॅनल कोंबायचेत. म्हणून एक एचडी चॅनल दाबून ६० लाख ते एक कोटीच्या आसपास आणतात. शंभर पटीहून जास्त दाबतात आणि तरी डोळ्याला कळत नाही, मला अजूनही याचं नवल वाटतं.

कसं दाबतात ते चवथीच्याच उदाहरणाने सांगतो. समजा टीव्हीवर आरती चाललीय. मखर तेच, माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीची) फळं तीच, मागची भिंत तीच, हलतोय तो फक्त आरती ओवाळणारा हात. मग प्रत्येक वेळी सगळं चित्र कशाला पाठवायचं? एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्या दहा-बारांसाठी नुसतं सांगायचं की अमुक चौकोन थोडा उजवीकडे सरकला, बाकी आहे तसं ठेव. चॅनल बदलल्यावर क्षणभर काळं दिसतं ना, त्याचं एक कारण हेच, बॉक्स पुढच्या पूर्ण चित्राची वाट बघत असतो. शिवाय माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून रंगाची माहिती चौथाईच पाठवतात. आणि प्रत्येक छोट्या चौकोनातलं अगदी बारीक नक्षीकाम, जे नसलं तरी चालेल असं वाटतं, ते पुसून टाकतात. पुसणं जास्त झालं की कडेला तुम्ही म्हणता ती चिलटं येतात. नाव पण तेच आहे, आमच्यात त्याला मॉस्किटो नॉईज म्हणतात, तुम्ही न सांगता बरोबर ओळखलंत.

पण फुटबॉल लावा. कॅमेरा सरकतोय, गवताचं पातं न पातं हलतंय, मागे प्रेक्षक उड्या मारतायत, आहे तसं ठेव म्हणायला काही उरतच नाही. बिट कमी पडले की गवताचा हिरवा लगदा होतो आणि लांब मारलेला बॉल मधेच विरघळतो. म्हणून टीव्ही दुकानात तपासायचा तर खेळ लावून तपासा, निवेदकावर नको.

एक सूचना बसण्याच्या अंतराची. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५४ सेंटिमीटर, एचडीचा पूर्ण बारकावा दिसायला त्याच्या तिप्पट अंतरावर बसायचं, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास. बाबांची आरामखुर्ची बारा फुटांवर असेल तर एचडी आणि साधं यातला फरक त्यांना फारसा दिसणारच नाही.

आणि एचडी चॅनल म्हणजे त्यावरचं सगळं एचडी असं समजू नका. जुन्या मालिका साध्या टेपवर काढलेल्या, त्यात बारकावा मुळात नाही, तो कुठून येणार. जुने सिनेमे मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर काढलेले, ती फिल्म पुन्हा स्कॅन केली की एचडी सोडा, त्याहून जास्त निघतं.

---

साखळीकर

ताई, तुम्हाला साष्टांग. तीन पिनाच होत्या! एचडीएमआय वायर खोक्यात प्लास्टिकमध्ये बांधलेली तशीच मिळाली. सेटिंग ५७६ वर होतं ते १०८० आय केलं, रिमोटने ताणणं काढलं. काका, तुमचं वाचून आरामखुर्ची सात फुटांवर आणली, बाबा आधी नको म्हणाले, मग बसले आणि एचडीवर निसर्गाचा एक कार्यक्रम लागला होता त्यात खंड्या पाण्यात सूर मारतो ते बघून गप्पच झाले. मग आईला हाक मारली.

पण काल संध्याकाळी सर आली आणि पुन्हा काळा पडदा. त्याचं काय?

---

छत्रीवाला_पेडणे

पावसाचं मी सांगतो, पेडणे-बार्देसात छत्र्या, म्हणजे डिश, बसवत उन्हाळे-पावसाळे गेले.

डीटीएच येतं केयू बँडवर, ११-१२ गिगाहर्ट्झ, लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे, ते या लहरी खातात पण आणि इकडेतिकडे उडवतात पण. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर, तिथून येता येता सिग्नल आधीच नखाएवढा उरतो आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरात आपला आषाढ-श्रावणातला पाऊस. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या सी बँडवर, तिथे लहर सात सेंटिमीटरच्या वर, त्यांना पाऊस एवढा बाधत नाही. म्हणून तुमच्याकडे काळं असताना शेजारी केबल चालू असते.

पण खरं सांगू, गोव्यात पावसाच्या नावावर जी गाऱ्हाणी येतात त्यातली अर्धी पावसाची नसतातच. कारणं मला सापडतात ती ही. छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) जी वायर लागते तिच्या पिनेत पाणी शिरतं. खारी हवा आणि पाणी, वर्षभरात आतली तांब्याची तार हिरवी होते. परवा मांद्र्याला एका घरी पीन काढली तर आतून पाण्याचा थेंब पडला आणि तार बोटाने चुरगळली. उपाय स्वस्त आहे, वायर टोकाला वीतभर कापून नवी पीन, वरून पाणी न शिरणारी टेप घट्ट, आणि पिनेच्या आधी वायरला खाली एक वळसा ठेवायचा म्हणजे पाणी वळशावरून गळून जातं, पिनेकडे येत नाही. हा वळसा कुणी ठेवत नाही आणि सगळा घोळ तिथे.

दुसरं माड. लोक म्हणतात छत्रीसमोर माड नाही, तो तर वर आहे. पण आपल्या छत्र्या दिसतात त्याहून कितीतरी वर बघतात, आकारच तसा आहे, एलएनबी खालून तिरकी बसवलेली असते. गोव्यातून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह जवळजवळ ६९ अंश उंचीवर दिसतो, फ्री डिशचा (दूरदर्शनची मोफत छत्री सेवा) ९३.५ अंशांवरचा जीसॅट-१५ सुमारे ६१ वर, आग्नेयेला. म्हणजे उभं राहून बघितलं तर मान चांगलीच मागे टाकायला लागते. त्या रेषेत झावळी आली तर उन्हाळ्यात चालून जातं, पण भिजलेली झावळी म्हणजे पाण्याचा पडदाच. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी चित्र येत नसेल तर नव्वद टक्के झावळीच समजा.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बघायची ती क्वालिटी. कोरड्या दिवशीच क्वालिटी जेमतेम असेल तर छत्री अर्धा अंश हललेली आहे, ती नीट लावली की पावसाला खायला थोडी शिल्लक उरते. तरी नाही भागलं तर ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची छत्री, सव्वादोन पट सिग्नल गोळा करते.

---

निवृत्त_प्रक्षेपणवाला

छत्रीवाल्या भाऊंनी जे लिहिलंय ते पुस्तकात नाही मिळणार, जपून ठेवा. मी फक्त मुंग्या का येत नाहीत तेवढं सांगतो.

कृती एक-शून्यांत येते म्हटलं ना, ती १८८ बाइटच्या (एक बाइट म्हणजे आठ बिट) पाकिटांत येते आणि प्रत्येक पाकिटाबरोबर थोडा जास्तीचा हिशोब पाठवतात. उपग्रहावरून पाठवायच्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीत १६ बाइट जास्तीचे, त्यावरून बॉक्स पाकिटातले आठ बाइटपर्यंत बिघडलेले ओळखून स्वतः दुरुस्त करतो. नव्या डीव्हीबी-एस२ मध्ये हा हिशोब आणखी हुशार आहे. म्हणून रिमझिम पावसात तुम्हाला काहीच कळत नाही, चित्र लख्ख, आत मात्र बॉक्स सतत चुका निस्तरत असतो. मग पाऊस थोडासाच वाढतो आणि चुका दुरुस्तीच्या बाहेर जातात. काही पाकिटं गेली की त्या जागचे चौकोन फुटतात, आणि मघाशी सांगितलं तसं पुढची चित्रं आधीच्यावरच रचलेली असतात म्हणून एक चूक पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत पसरत जाते. अजून थोडा पाऊस, काळा पडदा. अँटेनाचं चित्र उतारावरून हळूहळू घसरायचं, डिजिटल कड्याच्या टोकापर्यंत ताठ चालतं आणि तिथून सरळ खाली.

एचडी चॅनल बऱ्याचदा आधी जातात ते यामुळे की जास्त माहिती कोंबायला लहरीवर आठ प्रकारची वळणं वापरतात, साध्याला चारच. आठ वळणं एकमेकांच्या जवळ असतात, थोड्या गडबडीत पण त्यांची गल्लत होते. म्हणून पावसात मॅच अडली की त्याच चॅनलचा साधा नंबर लावून बघा, पुष्कळदा चालतो.

---

फातोर्डा_पूर्व_स्टँड

मी फायबर घेऊन ॲपवर बघतो, पावसाचा त्रास नाही, करंट गेला तर इन्व्हर्टरवर राउटर चालतो. पण एक सांगा काका, माझ्याकडे फ्री किक मारायला खेळाडू उभा असतो आणि शेजारच्या घरात गोल म्हणून ओरडतात. त्यांच्याकडे डीटीएच. ते लांब उपग्रहावरून येऊन आधी कसं?

---

निवृत्त_प्रक्षेपणवाला

उपग्रहाचा प्रवास वर-खाली मिळून बहात्तर हजार किलोमीटर, तरी लहरीला लागतो फक्त पाव सेकंद. वेळ जातो तो दाबण्यात, दोन-चार सेकंद, तो दोघांनाही लागतो. पण ॲपमध्ये चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून सर्व्हरवर ठेवतात, तुमचं ॲप त्यातले दोन-तीन आधी भरून घेतं म्हणजे मधे अडकू नये, मग दाखवायला लागतं. त्यात वीस-तीस सेकंद सहज जातात. शिवाय उपग्रहाला एक घर काय आणि एक कोटी घरं काय, सारखंच, एकदाच पाठवायचं. ॲपला प्रत्येक घरासाठी वेगळं पाठवायला लागतं, म्हणून मोठ्या मॅचच्या दिवशी चित्राचा दर्जा मधेच खाली उतरतो.

तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही ठेवलं असतं. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, छत्री-बॉक्सचा एकदाचा खर्च. दूरदर्शनचे अँटेनावाले ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ च्या मार्चपर्यंत देशभर जवळजवळ सगळे बंद झाले, त्यामुळे इंटरनेट गेल्यावर घरात चित्र येण्याची दुसरी वाट म्हणून छत्री असलेली बरी. वादळात तारा तुटतात तेव्हा कळतं ते.

---

फोंडेकर_ताई

साखळीकर दादा, झालं का मग पावसाचं काही? आणि छपरावर स्वतः चढू नका, कौलं शेवाळलेली असतात या दिवसांत.

---

साखळीकर

नाही चढलो ताई, शेजारचा मुलगा पडवीच्या बाजूने शिडी लावून गेला. पीन काढली तर तार अर्धी हिरवी, भाऊ म्हणाले तशीच. वायर कापून नवी पीन लावली, टेप गुंडाळली, खाली वळसा ठेवला. क्वालिटी ५२ होती ती ६८ झाली. मग छत्री जिकडे बघते तिकडे अंगणातून मान वर करून बघितलं तर आमच्या जुन्या माडाच्या दोन झावळ्या बरोबर मधे, इतकी वर्षं खाली बघून माड बाजूला आहे असंच समजत होतो. शनिवारी पाडेली यायचाच होता नारळ काढायला, त्याच्याकडून त्या दोन उतरवून घेतल्या. क्वालिटी ७४.

काल रात्री चांगली तासभर सर होती. चित्र एकदाच फुटलं, चार-पाच सेकंद, बाबांनी काका म्हणाले तसा साधा नंबर दाबला आणि पाऊस कमी झाल्यावर स्वतःच परत एचडीवर आले. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवलेत.